डोंगराविना डोंगरी सायकल
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

सुरतेहून भडोचच्या दिशेने निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि मग कोसाड येते. ह्या गावी उतरून चारही दिशांना नजर फिरवली तरी डोंगर म्हणून कोठे दिसत नाही. जमीन काळी आणि सपाट. आसपास ऊस, भात आणि कालव्याचे पाणी. आणि अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने वसवलेली, ‘कोसाड आवास’ ह्या नावाने ओळखली जाणारी हजारो बिऱ्हाडांची वसाहत. अशा गावी राहणाऱ्या शाळामास्तराने डोंगरी सायकलीवर बोलावे, हे आपणांस मारवाडात होडीचे गुण सांगण्यासारखे वाटेल. परंतु सायंकाळी आमच्या रस्त्यावर दहा मिनिटे उभे राहून पाहा. जाड, खाचेदार टायरांची, सरळ हँडलाची आणि पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली सायकल, हीच आज मुलांच्या मनातली सायकल आहे. कोणी तिला ‘रेंजर’ म्हणतो, कोणी ‘गिअरवाली’. डोंगर नसला म्हणून तिची हौस थोडीच थांबते!

मी मूळचा वसईकडचा. माझे वडील अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीवर केळीचे घड लादून स्टेशन गाठीत. त्या सायकलीत निवडण्यासारखे काही नव्हते. आजच्या बापापुढे मात्र दुकानात पन्नास रंग आणि पन्नास नावे उभी राहतात, आणि त्यांतून पोराच्या जिवाला धोका नसलेली कोणती, हे त्याला कोणी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील आठवीचा एक मुलगा नव्या कोऱ्या सायकलीवरून पडला. वळण घेताना त्याने हँडल वळवले. चाक वळलेच नाही. मनगटाचे हाड मोडले. मी ती सायकल जाऊन पाहिली. हँडलाचा खिळा सैल होता, आणि पुढचा चिमटा तर चक्क उलटा बसवलेला होता! चिमट्याच्या दोन पायांना जोडणारी कमान बहुतेक बनावटींत चाकाच्या पुढच्या अंगाला असते; येथे ती मागे होती. दुकानाचे नाव मी सांगणार नाही. खोक्यात अर्धवट जोडलेल्या अवस्थेत आलेली सायकल घाईघाईने पुरी करणारा कारागीर कोणत्याही दुकानात असू शकतो.

तेव्हापासून सायकल पाहायला कोणी बोलावले की मी प्रथम एक गोष्ट करतो. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरतो आणि हँडल पिळून पाहतो. ते फिरले तर पुढची परीक्षा तेथेच थांबते. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवतो. हँडलाखालच्या छऱ्यांत खटखट वाजले तर तेथे ढिलाई आहे. चाक अधांतरी फिरवून ते डुलते काय, हे पाहतो. आणि कोणत्या हाताला कोणता ब्रेक आहे, हे मुलाला विचारतो. ही बाब क्षुल्लक नव्हे. सगळ्या सायकलींत ही मांडणी एकसारखी नसते. आणि मागचा समजून पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर स्वार हँडलावरून पुढे जातो.

गेल्या वर्षी मी स्वतःच अशी एक सायकल घेतली. तिला इंग्रजीत ‘हार्डटेल’ म्हणतात, म्हणजे ताठ शेपटीची. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, मागचा सांगाडा मात्र ताठ. सांगाडा ॲल्युमिनियमचा, चाके साडेसत्तावीस इंची, ब्रेक तारेने ओढले जाणारे डिस्कचे, गिअर एकवीस. अशा सायकलीस आज साधारण पंधरा ते वीस हजार रुपये पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. तरीही आमच्याकडच्या यंत्रमाग कामगाराला ही रक्कम महिन्याच्या पगाराएवढी वाटते, आणि म्हणूनच मी हे बोलायला बसलो आहे.

एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन दातेरी चकत्या आणि मागे सात. माझ्या सायकलीत पुढची मोठी चकती ४२ दात्यांची आणि मागची लहान १४ दात्यांची. ह्या जोडीवर पायडलाचा एक फेरा पुरा केला की सायकल सुमारे साडेसहा मीटर पुढे जाते. उलट पुढची लहान, २४ दात्यांची, आणि मागची मोठी, २८ दात्यांची, अशी जोडी घेतली तर त्याच एका फेऱ्यात ती दोन मीटरही जात नाही. पण मग चढ कितीही उभा असो, पाय फिरत राहतो. ह्या दोन टोकांच्या मध्ये एकोणीस निरनिराळे वेग आहेत असे मात्र समजू नये. कित्येक जोड्या एकमेकींच्या अगदी जवळ येतात, आणि मोठीला मोठी किंवा लहानला लहान जोडली तर साखळी तिरपी ताणली जाऊन लवकर झिजते. नवशिक्याने पुढची मधली चकती धरावी आणि मागच्या सातांतच फेरफार करावा. गिअर बदलताना पाय फिरता असावा, परंतु त्यावर जोर नसावा. कालव्याच्या भरावावर चढायचे असेल तर हलका गिअर पायथ्याशीच घ्यावा. अर्ध्या चढावर, सगळा भार पायडलावर असताना, कळ दाबणाऱ्याची साखळी कुरकुरते, घसरते. आणि स्वार दांडीवर आपटतो. हे मी अनुभवाने सांगतो.

आता त्या स्प्रिंगेकडे येऊ. दुकानात तिला ‘शॉकप’ म्हणतात, आणि गिऱ्हाईक हँडलावर दोन्ही हात टेकून ती दाबून पाहते. दबली की समाधान! परंतु उभ्या माणसाने जोराने दाबणे निराळे आणि खड्ड्यावरून जाताना ती आपणहून दबणे निराळे. ह्याची परीक्षा एका दोऱ्याने होते. चिमट्याच्या वरच्या चकचकीत नळीला, खालची जाड नळी जेथे सुरू होते तेथे, दोरा गुंडाळून बांधावा आणि फेरी मारून यावे. चिमटा जितका दबला असेल तितका दोरा वर सरकलेला आढळतो. माझ्या सायकलीच्या चिमट्याची चाल १०० मिलिमीटर आहे, असे तिच्यावर लिहिले होते. कालव्याकाठच्या कच्च्या वाटेवरून मी जाऊन आलो, तेव्हा दोरा सुमारे पाच सेंटिमीटर सरकला होता. माझे वजन पंचाहत्तर किलो. त्याच वाटेवरून सातवीतल्या एका सडपातळ मुलाला पाठवले. परत आला तेव्हा दोरा जेमतेम एक बोट हलला होता! स्वस्त चिमट्यातील पोलादी स्प्रिंग प्रौढ माणसाच्या वजनासाठी बनवलेली असते. वरची टोपी फिरवून तिचा आरंभीचा ताण थोडा कमी करता येतो, पण स्प्रिंग त्याने मऊ होत नाही. म्हणजे त्या मुलाच्या दृष्टीने ती स्प्रिंग नव्हेच. ते निव्वळ ओझे. अशा चिमट्याचे वजन अडीच किलोंच्या घरात जाते. साध्या लोखंडी चिमट्याचे त्याच्या निम्म्याच्या आसपास.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील तमालपाईस पर्वताच्या परिसरात, काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून शर्यती लावीत. त्यांच्या प्रसिद्ध शर्यतीची पहिली फेरी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. तिचे नाव ‘रिपॅक’. मागच्या चाकातील ब्रेक उतारावर इतका तापे की त्यातील वंगण जळून जाई आणि ते दर वेळी नव्याने भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. पुढे १९८१ साली ‘स्टंपजंपर’ नावाची डोंगरी सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊन बाजारात आली, आणि तिच्यात स्प्रिंग नव्हती. पुढेही नव्हती, मागेही नव्हती. स्प्रिंगेचा चिमटा विकला जाऊ लागला तो १९८९च्या सुमारास. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत प्रथम झाली. म्हणजे डोंगरी सायकल जन्मली, वाढली, जगभर गेली, ती पहिली काही वर्षे साध्या ताठ चिमट्यावरच. तिला डोंगरी बनवले ते जाड टायरांनी, हलक्या गिअरांनी आणि भरवशाच्या ब्रेकांनी.

ब्रेकांविषयी माझी स्वतःचीही एक आठवण आहे. मे महिन्यात मी ही सायकल डांगात सापुताऱ्याला नेली. घाट वघईच्या बाजूला उतरू लागलो तेव्हा पहिली काही वळणे मजेत गेली. मग ब्रेकची मूठ हळूहळू हँडलाजवळ येऊ लागली. तार ताणली होती, गुटके झिजले होते, आणि मी नवशिक्याप्रमाणे ब्रेक सतत धरून ठेवला होता. थांबलो. मुठीपाशी तारेच्या तोंडाला एक छोटी गोल चकती असते. ती दोन फेरे बाहेर फिरवल्यावर पकड परत आली. ती चकती मला ठाऊक नसती तर काय झाले असते, ह्याचा विचार मी त्या घाटात केला नाही. घरी आल्यावर रात्री केला. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवू नये. दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. बूड सीटवरून उचलून मागे न्यावे, दोन्ही पायडले सारख्या उंचीवर ठेवावीत, कोपर आणि गुडघे सैल सोडावेत. ताठ शेपटीच्या सायकलीची मागची स्प्रिंग म्हणजे स्वाराचे गुडघेच होत. दोन्हीकडे स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल मला आवडत नाही, ती ह्यामुळेच. तिच्यावर मुलगा बसून राहायला शिकतो, आणि त्याच्या पायांचा निम्मा जोर मागची स्प्रिंग गिळून टाकते.

पावसाळ्याविषयी बोललो नाही तर कोसाडकर मला हसतील. आमची काळी माती भिजली की टायराला चिकटते, टायरावरची चिमट्याच्या कमानीत अडकते, आणि शंभर पावलांत चाक फिरेनासे होते. जुलैमध्ये मी काडीने चिखल खरवडीत सायकल अक्षरशः खांद्यावर आणली. डिस्कचा ब्रेक चाकाच्या मध्याशी असल्याने चिखलातही बऱ्यापैकी धरतो, हा त्याचा खरा गुण. रिमवर दाबणारे रबरी गुटके अशा वेळी चिखलच चोळीत बसतात. पण मडगार्ड, स्टँड आणि कॅरिअर ह्या तीन वस्तू अशा सायकलींबरोबर बहुधा येतच नाहीत. कॅरिअर बसवून त्यावर पन्नास किलोंचा मित्र बसवला, तर मागचा आस वाकण्याची भीती असते. सात चकत्यांचे स्वस्त फ्रीव्हील ज्या तुंब्यावर आट्यांनी बसवलेले असते, त्यात उजव्या बाजूचे छर्रे आत राहतात आणि आसाचे टोक आधारावाचून लांब उरते. वडिलांच्या काळ्या सायकलीने केळी वाहिली, म्हणून हिनेही वाहावी असे नाही.

हवेबद्दल एवढेच, की टायराच्या कडेवर किमान आणि कमाल आकडा छापलेला असतो. डांबरी रस्त्यावर मी पंचेचाळीस पौंड ठेवतो, कच्च्या वाटेवर तीस. हवा पंधरा पौंडांनी कमी केल्याने खड्ड्यांचा त्रास जितका कमी झाला, तितका त्या चिमट्याने झाला नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. हे मत विक्रेत्याला आवडणार नाही.

गेल्या दिवाळीपूर्वी धुळ्याकडून आलेले एक पालक माझ्याकडे आले. यंत्रमागावर काम करतात. म्हणाले, “सर, पोऱ्या म्हणतो दोन्हीकडं शॉकप पाहिजे. सात हजार साठवले आहेत. तुम्ही दुकानात येता का?” मी गेलो. सात हजारांत दोन्हीकडे स्प्रिंगवाली एक लालभडक सायकल होती. मी ती उचलून पाहिली आणि त्यांच्या हाती दिली. त्यांनीही उचलली आणि माझ्याकडे पाहिले. वजनाचा प्रश्न तेथेच मिटला. प्रौढ माणसाने पंधरा हजार खर्चून ताठ शेपटीची सायकल घ्यावी, तिच्यातून त्याला आनंद मिळेल. परंतु सात हजारांत, चाळीस किलोंच्या मुलासाठी, स्प्रिंगच नसलेला चिमटा, जाड टायर आणि नीट धरणारे ब्रेक हाच सौदा योग्य, असे मी त्यांना सांगितले. दांडीवर दोन्ही बाजूंनी पाय टाकून मुलगा उभा राहिला. दोन्ही टाचा जमिनीला टेकून दांडी आणि तो ह्यांच्यात चार बोटे अंतर उरले. माप जमले. उरलेल्या पैशांत शिरस्त्राण, मडगार्ड आणि हातपंप आला. दुकानदाराने हँडलाचा खिळा माझ्यासमोर पुन्हा आवळला. तसे मी त्याला करायला लावले.

पोऱ्याचे तोंड मात्र एवढेसे झाले होते. आठ दिवस तो माझ्याशी शाळेत बोलला नाही. नवव्या दिवशी, रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर मी माझी सायकल काढली आणि कालव्याच्या वाटेला लागलो. मागून घंटी वाजली. “सर, बाजूला!” असे ओरडत तो भरावाच्या चढावर मला मागे टाकून गेला, बूड सीटवरून उचललेले आणि कोपर सैल सोडलेले.