गणवेशातले फुटबॉलवाले
माबेला (मस्कत)

आखातातला फुटबॉलपटू म्हणजे तेलाच्या पैशात लोळणारा, ही आपल्याकडची समजूत ओमानला लागू नाही. माबेलापासून मस्कतचा विमानतळ जवळच. त्या विमानतळाच्या अग्निशमन दलात अली अल-हबसी नोकरीला होता. पुढे तो इंग्लंडमध्ये बोल्टन आणि विगनचा गोलरक्षक झाला. आमच्या गल्लीतला एक तरुण पहाटे कडक इस्त्रीच्या फौजी गणवेशात गाडी काढतो आणि संध्याकाळी त्याच गाडीच्या डिकीतून धुळीने माखलेले बूट काढून मैदानात उतरतो. त्याचं कुणाला नवल नाही. लष्करी संघांचा विश्वचषक 2017 साली मस्कतमध्येच झाला आणि यजमान ओमाननेच जिंकला.

मला हेवा वाटतो, कारण आपली परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. मुंबईत रोव्हर्स चषक 1891 साली सुरू झाला. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीने नेला. कूपरेज गाजवणारी ती स्पर्धा 2001 नंतर बंद पडली, तरी मुंबईने हूं की चूं केलं नाही! 2024 मध्ये सेनादलाने गोव्याला हरवून संतोष चषक जिंकला, तेव्हा घरी फोन केला तर कुणाला पत्ता नव्हता.

आणि डेनिस कॉम्प्टन? आर्सेनलचा हा डावा विंगर युद्धात तोफखान्यात भरती झाला आणि 1944 मध्ये हिंदुस्थानात आला. महूच्या छावणीतून तो सी. के. नायडूंच्या होळकर संघात गेला. मार्च 1945, ब्रेबॉर्न, रणजीचा अंतिम सामना. मर्चंटच्या 278 धावांच्या जोरावर मुंबईने 867 धावांचं आव्हान ठेवलं. कॉम्प्टन नाबाद 249. होळकर 492 धावांत संपले. हे आपल्या जुन्या जाणत्यांना तोंडपाठ असतं. पण इंग्लंडसाठी युद्धकाळात तो फुटबॉलचे 12 सामने खेळला आणि त्यातला एकही अधिकृत धरला गेला नाही, हे किती जणांना माहीत आहे? एकविसाव्या वर्षी युद्ध सुरू झालं. विंगरच्या पायांत वारा असतो ती ऐन उमेदीची सहा वर्षं त्यात गेली. शेजाऱ्याला हे सांगितलं, तर तो क्रिकेटच्या धावा बाजूला सारून एकच विचारत राहिला: मग युद्धानंतर? सांगितलं, 1950 साली एफए कप जिंकला, आर्सेनलकडूनच. तो खूश!

रोव्हर्स पुन्हा सुरू करा. पहिला सामना मराठा लाइट इन्फंट्रीच्या संघाचा ठेवा आणि तारीख आधी कळवा. इथून रजा मिळवायला वेळ लागतो.