माशाचं तोंड बघा, मग गळ निवडा

(भिवंडीत शाळा-कॉलेजच्या मुलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसा, जागा आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर ते व्हिडिओ पाहिले असतील. कॅनडातलं भलंमोठं सरोवर, होडीत एक माणूस, तो धातूचा चकाकता चमचा पाण्यात फेकतो, रीळ फिरवतो आणि हातभर लांबीचा लेक ट्राउट बाहेर येतो. मग आपणही तसाच चमचा मागवतो, जवळच्या तळ्यावर जातो, दोन तास फेकत बसतो. काहीच लागत नाही. घरी येऊन सांगतो, तळ्यात मासेच नाहीत.

मासे असतात हो. पण लेक ट्राउट हा थंड पाण्यातला शिकारी मासा. त्याला साधारण 10 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खोल जातो. तो दुसरे मासे खातो, म्हणून लुकलुकणारा चमचा त्याला पळणारा छोटा मासा वाटतो. आपल्याकडे काश्मीरला, निलगिरीला ट्राउट आहेत, पण ते इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडलेले, आणि तेही वेगळ्या जातीचे. भिवंडी-ठाण्याच्या कोमट पाण्यात ट्राउट तगणार नाही. इथं आहेत रोहू, कटला, मृगळ, तिलापिया, मरळ. यातले बहुतेक चमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

म्हणून आज एकच सूत्र सांगणार आहे. आधी माशाचं तोंड बघा. आमिष काय, गळ केवढा, किती खोल सोडायचा, हे सगळं त्या तोंडावरून ठरतं.

बाजारात मासळीवाल्या मावशींकडे जाल तेव्हा नीट बघा. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहूचे ओठ जाड, खालचा झालरीसारखा. तो मधल्या थरात, पाणवनस्पतींवर आणि शेवाळावर चरतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला. तो तळाशी, गाळातलं कुजकं-मुजकं खातो. एकाच तळ्यात तीन मजले आहेत म्हणा ना. मत्स्यशेतीत हे तिघे एकत्र सोडतात ते याचसाठी, एकमेकांच्या ताटात हात जात नाही.

आता तुमचं बूच गळापासून किती अंतरावर बांधायचं, याचं उत्तर मिळालं. कटला हवा तर आमिष वरच्या थरात लोंबतं ठेवा. रोहू हवा तर मध्यावर. मृगळ हवा तर आमिष तळाला टेकलं पाहिजे. दोन तास काही लागलं नाही तर जागा बदलण्याआधी बूच सरकवून बघा.

आमिषाचं बोलू. वरच्या तिघांना कणकेचा गोळा चालतो. कणीक, त्यात भाजलेल्या चण्याचं पीठ आणि शेंगदाण्याची पेंड कुटून मिसळा. पेंडच का? मत्स्यशेतीत कार्प माशांना पूरक खाद्य म्हणून शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा देतात. म्हणजे तो वास त्यांच्या ओळखीचा असतो. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट मळा. मऊ राहिला तर फेकतानाच सुटतो, फार कडक झाला तर गळाचं टोक माशाच्या तोंडात रुतत नाही. तिलापियाला गांडुळाचा तुकडा किंवा पावाचा ओला गोळा पुरतो. नवीन शिकणाऱ्यानं तिलापियापासूनच सुरुवात करावी. तो 1952 साली भारतात आणला गेला आणि आता सगळीकडे झालाय. मात्र एका तळ्यातला तिलापिया दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नका, तिथल्या माशांचं खाणं आणि जागा तो बळकावतो.

आणि मरळ? तो शिकारी. तुमचा मागवलेला चमचा वाया गेला नाही, मरळ त्यावर झेप घेऊ शकतो. पण पावसाळ्यात मरळ आपल्या पिल्लांची राखण करतो. पाण्यावर बारीक पिल्लांचा तांबूस पुंजका दिसला तर समजा, खाली आई-बाप आहेत. तिथं गळ टाकू नका. ते उचलले की अख्खा पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात.

हे शास्त्र आपल्याकडे नवं नाही बरं का. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कुठला मासा कसा, त्याला खायला काय घालायचं, गळानं कसा धरायचा, हे त्यात आहे. तो कल्याणीचा राजा. कल्याणी म्हणजे आपल्या शेजारचं कल्याण नव्हे, बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण.

आता सामान. रीळ नसलं तरी चालेल. आठ-दहा फुटांची सरळ बांबूची काठी, काठीएवढाच तंगूस, एक बूच, थोडं शिसं आणि गळ. तंगूस 0.25 ते 0.30 मिलिमीटर जाडीचा घ्या. जाड तंगूस मजबूत असतो, पण पाण्यात दिसतो. गळाच्या नंबराचं गणित उलटं आहे. नंबर मोठा, गळ लहान. तिलापियाला 10 किंवा 12, रोहूला 4 ते 6. शिसं इतकंच लावा की बूच उभं राहील आणि त्याचं फक्त टोक पाण्यावर दिसेल. म्हणजे माशानं नुसतं चाचपलं तरी कळेल. शिसं दातांनी दाबायचं नाही, ते विष आहे. पक्कड वापरा.

(श्रोत्यांमधून प्रश्न : गाठ सारखी सुटते, काय करायचं?)

चांगला प्रश्न. भिवंडीत घराघरांत यंत्रमागावर सूत जोडणारे हात आहेत. पण सुताला जी गाठ बसते ती तंगुसाला बसत नाही. सूत खरखरीत, तंगूस गुळगुळीत. म्हणून इथं वेढे द्यायचे. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, सुटं टोक मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा, मग ते टोक डोळ्याजवळच्या फासातून काढा. आवळण्याआधी गाठ पाण्यात भिजवा. कोरडी आवळली तर घर्षणानं तंगूस तापतो आणि तिथंच कमजोर होतो.

मासा लागला की हिसडा देऊ नका, मनगटानं अलगद उचला. रोहूचे ओठ मऊ असतात, जोरात ओढलं तर फाटतात. आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. मासा थोडा जास्त निसटेल, पण सोडायचा मासा जखम न होता सोडता येईल. तुमच्या बोटात गळ घुसला तरी सरळ निघेल. काटा न दाबलेला गळ बोटात रुतला तर ओढत बसू नका, दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आता जरा महत्त्वाचं. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी हार्मोनचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवली, म्हणून आज मत्स्यबीज केंद्रं चालतात. याचा अर्थ काय? तुमच्या तळ्यातला रोहू बहुधा कुणीतरी बोटुकली विकत घेऊन सोडलेला आहे. कुणाचा तरी ठेका असतो, एखाद्या संस्थेच्या सभासदांचं पोट त्यावर असतं. म्हणून आधी विचारा, “काका, इथं गळ टाकला तर चालेल का?” नाही म्हणाले तर वाद नको. आपला वऱ्हाळा तलाव तर शहराच्या काही भागाला पिण्याचं पाणी देतो. तिथं परवानगी नसताना गळ टाकायचा नाही. आणि परवानगी असेल तिथंही मासे जमावेत म्हणून पिठाच्या पाट्या ओतायच्या नाहीत. न खाल्लेलं पीठ कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं.

त्यावरून आठवलं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले आहेत असं समजू नका. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो, ते श्वासासाठी वर आलेले असतात. त्या दिवशी गळ गुंडाळून ठेवा आणि तलावाची देखरेख करणाऱ्यांना कळवा.

गळाला कासव लागलं तर तंगूस ओढू नका. गळ सहज निघत असेल तर काढा, नाहीतर मोठ्या माणसाला बोलवा. घरी मात्र न्यायचं नाही, कायदा त्याला संरक्षण देतो.

शेवटचं. एकट्यानं जायचं नाही. पावसाळ्यात काठाचा चिखल पायाखालून सरकतो, तेव्हा पोहता येणारं मोठं माणूस सोबत हवंच. गळ अडकला तर पाण्यात उतरायचं नाही. दहा रुपयांचा गळ आहे, तोडून टाका. पण हाताशी राहिलेला तंगूस काठावर फेकू नका. बगळ्याच्या, पाणकावळ्याच्या पायात तो गुरफटला की पक्षी उपाशी मरतो. एक रिकामी बाटली सोबत ठेवा, तंगुसाचा प्रत्येक तुकडा त्यात टाका, घरी आणा.

चला, ज्यांना गाठ शिकायची आहे त्यांनी इकडे या. तंगूस आणलाय.