लॅपटॉपांतील सामाईक स्मृति

आठ जी.बी. रॅमचे पैसे मोजले, आणि यंत्र मात्र सांगतें कीं वापरण्याजोगी रॅम ५.९ जी.बी. आहे, मग उरलेली दुकानदारानें काढून घेतली कीं काय, अशी शंका अलीकडे आमच्या महागांवासारख्या तालुक्याच्या ठिकाणींही ऐकूं येते. शंका घेणाऱ्यांस मी हंसत नाहीं. कापसाचे नाहींतर सोयाबीनचे पैसे हातीं यावेत, त्यांतून अभियांत्रिकी शिकण्यासाठीं पुसदला जाणाऱ्या मुलीस लॅपटॉप घेऊन द्यावा, आणि पहिल्याच दिवशीं त्यांत चौथाईहून अधिक तूट निघावी, हें कोणास रुचेल? परंतु या प्रकरणांत दुकानदार बहुधा निर्दोष असतो. ती रॅम यंत्रांतच आहे. फक्त तिच्यावर दुसऱ्या एका हिस्सेदाराचें नांव लागलेलें आहे.

हा हिस्सेदार कोण? श्रोतेहो, लॅपटॉपांत गणित करणारा भाग तो प्रोसेसर, आणि पडद्यावरचें चित्र तयार करणारा भाग तो ग्राफिक्स. या दुसऱ्यास आपण सोयीसाठीं चितारी म्हणूं. दोघांनाही हातांतलें काम मांडून ठेवण्यास जागा लागते, आणि ती जागा म्हणजेच रॅम, अर्थात् यंत्राची कामापुरती स्मृति. भारी किंमतीच्या यंत्रांत चितारी स्वतंत्र बिऱ्हाड करून राहतो व त्याची रॅम त्याच्या शेजारींच असते. स्वस्त आणि मध्यम किंमतीच्या बहुतेक यंत्रांत त्याचें बिऱ्हाड वेगळें नसतें. १९९९ सालीं इंटेलनें ८१० नांवाचा चिपांचा संच काढला. त्यांतील चितारी मदरबोर्डावर बसून बव्हंशीं मुख्य रॅममधूनच भागवीत असे. पुढें २०११ मध्यें इंटेल आणि ए.एम.डी. या दोन्ही कंपन्यांनीं लॅपटॉपांसाठीं असे प्रोसेसर आणले कीं ज्यांत गणित करणारा आणि चितारी सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर शेजारीं शेजारीं बसले.

आपल्याकडे भावांच्या वांटण्या होतात तेव्हां शेताचे तुकडे पडतात, परंतु विहिरीचे पडत नाहींत. ती सामाईक राहते, सातबाऱ्यावर तशी नोंद होते, आणि पाणी पाळीनें घ्यावें लागतें. लॅपटॉपांतील रॅम ही अशी सामाईक विहीर होय. मात्र येथें चिताऱ्याचा हक्क दोन प्रकारचा असतो, व हे दोन प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळेंच बहुतेक गैरसमज होतात.

पहिला हक्क कायमचा. यंत्र सुरू होतांच, विंडोज ही कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वीं, बायोस नांवाची आज्ञावली रॅमचा एक भाग चिताऱ्याच्या नांवें राखून ठेवते. तो किती असावा हें यंत्र बनविणारा ठरवितो. कोठें १२८ एम.बी., कोठें ५१२ एम.बी., तर कोठें पुरे २ जी.बी. हा राखीव भाग विंडोजला आपला म्हणून वापरतां येत नाहीं, म्हणून ती तो हिशेबांतून वजा करून दाखविते. आठाचे ५.९ होतात ते येथें.

दुसरा हक्क फिरता. टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सचें पान पाहिलें, तर ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ या शब्दांपुढें बहुधा विंडोजच्या वांट्यास आलेल्या रॅमच्या निम्मा आंकडा दिसतो. तो पाहून पुष्कळांस वाटतें कीं आतां उरलेलींतूनही निम्मी गेली. पण हा आंकडा कमाल मर्यादेचा आहे, वजावटीचा नव्हे. चिताऱ्यास गरज पडेल तेव्हां त्या मर्यादेपर्यंत रॅम मागून घेतां येते, आणि काम संपलें कीं ती मोकळी होते. आपणांस पाणी नको असेल तर आपल्या पाळीचें दुसऱ्यास भरूं द्यावें, हा समजूतदारपणा भावाभावांत क्वचितच दिसतो. येथें तो नियमानेंच पाळला जातो.

आतां चिताऱ्यास खरोखर किती लागतें तें पाहूं. नेहमींच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकाच्या रंगासाठीं चार बाइट धरले तर एका चित्रास ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारें ८ एम.बी. झाले. एक चित्र पडद्यावर असतांना दुसरें तयार करावें लागतें, शिवाय उघड्या खिडक्यांचीं चित्रें निराळीं ठेवावीं लागतात, म्हणून ही रक्कम कांहींशे एम.बी.पर्यंत चढते. पत्रें लिहिणें, कोष्टकें करणें, व्याख्यानें पाहणें यांस एवढें पुरतें. त्रिमितीय आराखडे आणि खेळ यांची गोष्ट वेगळी. तेथें वस्तूवस्तूच्या पृष्ठभागांचीं चित्रें रॅममध्यें भरून ठेवावीं लागतात, आणि दोन जी.बी.ही अपुरे पडूं शकतात.

परंतु माझ्या मतें खरी टंचाई पाण्याची नसून मोटेची आहे. तोच पडदा सेकंदास ६० वेळां रंगवावयाचा, तर नुसतें तयार चित्र वाचण्यासाठींच दर सेकंदास सुमारें ५० कोटी बाइट रॅममधून काढावे लागतात. डी.डी.आर.४ जातीची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदास जास्तींत जास्त २५.६ जी.बी. देते, त्या मानानें ५० कोटी म्हणजे शेंकडा दोन, फारसें नव्हे. पण तें चित्र आधीं घडवावें लागतें, आणि घडवितांना एकेका ठिपक्यासाठीं रॅमकडे अनेक खेपा होतात. त्याच वेळीं त्याच मोटेवर प्रोसेसरही आपली पाळी घेऊन उभा असतो. एन्व्हिडियाच्या जी.टी.एक्स. १६५० या बेताच्या स्वतंत्र कार्डाचा आरंभींचा नमुना घेतला, तरी त्याच्या रॅमचा वेग सेकंदास १२८ जी.बी. होता, आणि तोही एकट्या चिताऱ्यासाठीं.

पूर्वीं मोठ्या बागाइती विहिरीवर दोन मोटा चालत. लॅपटॉपांतही तसें करतां येतें. आठ जी.बी.च्या एका पट्टीऐवजीं चार-चारच्या दोन असल्या, तर पाणी तेवढेंच राहून उपसा दुप्पट, म्हणजे ५१.२ जी.बी. होतो. इंटेलनें २०२० मध्यें आणलेल्या ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्सची तर एक गंमत आहे. त्याच प्रोसेसरला रॅमची एकच पट्टी दिली, तर विंडोज चिताऱ्याची ती पदवी काढून घेते आणि त्याला नुसतें ‘यूएचडी’ म्हणते. एका पट्टीचें यंत्र कोणी आयरिसच्या नांवावर विकत असेल, तर मात्र दुकानदारांस वर दिलेलें प्रशस्तिपत्र त्याच्यापुरतें मी परत घेतों.

सामाईकपणा हें केवळ गरिबीचें लक्षण आहे, असेंही नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ मध्यें तयार केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकांत प्रत्येक प्रोसेसरची रॅम स्वतंत्र होती. त्यामुळें विहिरीवर गर्दी होत नसे. परंतु एकाजवळची माहिती दुसऱ्यास हवी झाली कीं ती निरोपानें पाठवावी लागे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाकडेही माहिती अशीच नकलून पाठवावी लागते. सामाईक रॅममध्यें ती यातायात टाळतां येते. एकानें मांडलेलें दुसरा जागच्या जागीं उचलूं शकतो. ॲपलनें २०२० सालीं एम१ या चिपसाठीं हीच पद्धति मुद्दाम स्वीकारली, आणि रॅमचा वेग सेकंदास सुमारें ६८ जी.बी. ठेविला.

मग आठ जी.बी.च्या यंत्राच्या मालकानें करावें काय? कोणी सांगेल कीं बायोसमध्यें जाऊन चिताऱ्याचा कायमचा हिस्सा वाढवा, यंत्र धांवूं लागेल. तें सहसा करूं नये. फिरता हक्क असतांना कायमचा वाढविल्यानें चिताऱ्याचा फायदा थोडा, आणि प्रोसेसरची अडचण मात्र कायमची होते. कांहीं खेळ कायमच्या हिश्शाचाच आंकडा पाहून अडून बसतात, तेवढा अपवाद. नवें यंत्र घेण्याचा विचार असेल, तर त्याआधीं दुसरी पट्टी बसविण्याचा खर्च विचारावा. पाणी आणि उपसा दोन्ही त्यानें वाढतात. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ म्हणून जो आंकडा असतो त्यांतच हा राखीव हिस्सा येतो, आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढें दोनपैकीं एक असें असेल, तर एक खांच मोकळी असल्याचें तें चिन्ह. तरीही पैसे देण्यापूर्वीं मागचें झांकण उघडवून पाहावें. कारण डाख देऊन पक्की बसविलेली रॅमही तेथें कधीं कधीं खांच म्हणून मोजली जाते, आणि तशा कित्येक यंत्रांत दुसरी पट्टी बसविण्यास जागाच नसते.