वागेनिंगेनला जाण्यापूर्वी
नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठात संशोधनासाठी जाणारे कृषिशास्त्रज्ञ प्रयोगाची आखणी काटेकोरपणे करतात. घराचे मात्र तेथे पोहोचल्यावर पाहू, असे म्हणतात. अडचण तेथेच उद्भवते. मुक्काम ४ महिन्यांहून अधिक असल्यास ५ दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी राहता पत्ता हवा. काही घरमालक खोली देतात, पण त्या पत्त्यावर नोंदणी करू देत नाहीत. अशी खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नोंदणीविना नागरिक क्रमांक मिळत नाही आणि त्याविना वेतन, विमा दोन्ही अडतात. जन्मदाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल भारतातूनच घेऊन जावे. बियाण्याची पुडी, अगदी परसातल्या मेथीचीही, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राशिवाय सामानात ठेवू नये. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात हा नियम प्रवाशांनाही लागू आहे.