उडी मारताना गुडघे वाकवा. टाच दुखली तर पाठही तपासा

पोटमाळ्यावरचे सामान काढायचे असते आणि शिडी शेजारी गेलेली असते. मग पिंपावर पाय देऊन वर चढायचे, उतरताना मात्र सरळ उडी टाकायची. आपल्या वस्तीत हे रोजचेच. मुले पतंग काढायला पत्र्यावर चढतात आणि वरूनच खाली उडी घेतात. टेम्पोवर काम करणारा भाऊ माल उतरवून झाला की हौद्यातून उडी मारतो. दहा वेळा काही होत नाही, अकराव्या वेळी टाच मोडते.

आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा असाच एक तरुण दाखल झाला. माळ्यावरून उडी मारलेली, टाच सुजलेली. घरच्यांनी दोन दिवस तेल लावून चोळली होती. पायाला प्लास्टर झाले. "सिस्टर, कंबर पण दुखतेय," असे तो सांगत होता. झोपून झोपून धरली असेल, असे आम्हालाही वाटले. तिसऱ्या दिवशी कमरेचा एक्स-रे काढला, तेव्हा मणकाही दबलेला निघाला. त्याच्या पायांची ताकद शाबूत राहिली, पण आम्ही त्याचे म्हणणे आधीच ऐकायला हवे होते.

टाचेवर पडलेल्याचा मणका कसा दबतो? हिशेब सोपा आहे.

तीन फुटांवरून उडी मारली तर पाय जमिनीला टेकताना शरीराचा वेग ताशी सुमारे 15 किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायलाच हवा. प्रश्न एवढाच, की तो किती अंतरात शून्यावर येतो. कच्चे अंडे फरशीवर पडले तर फुटते, जाड गोधडीवर पडले तर बहुधा वाचते. उंची तीच, वेगही तोच. पण गोधडी दबत जाते आणि अंड्याला थांबायला जागा मिळते. आपली गोधडी म्हणजे आपले घोटे, गुडघे आणि खुबे.

पाय ताठ ठेवून उतरलात आणि शरीर तीन इंचांत थांबले, तर पायांवर सरासरी वजनाच्या 13 पट जोर येतो. 50 किलोच्या माणसासाठी हा 650 किलोचा भार झाला. तोच माणूस गुडघे वाकवून एक फूट खाली बसत थांबला, तर जोर चौपट, म्हणजे 200 किलो. उंची सहा फूट असेल तर ताठ पायांवर 25 पट आणि वाकवलेल्या पायांवर सात पट. खांद्यावर गोणी असेल तर तिचेही वजन पायांनाच थांबवावे लागते. ताठ पायांवरचा हा जोर टाचेत संपत नाही. तो नडगी, मांडी, खुबा यांतून वर चढतो आणि कमरेच्या मणक्यांवर आदळतो.

म्हणून पहिली गोष्ट, शिडी असेल तर उडी नको. शिडीकडे तोंड करून उतरा. शिडी नसेल तर माळ्याच्या कडेला बसा, वळा, हातांनी घट्ट धरून आधी लोंबकळा आणि मग सोडा. तेवढी उंची कमी होते. उतरताना दोन्ही पाय खांद्याइतके फाकलेले हवेत. आधी चवडा, मग टाच टेकवा. खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे आणि खुबे वाकू द्या. हात ताठ करून जमिनीवर टेकू नका, मनगट मोडते. साठी ओलांडलेल्यांनी आणि पाळी गेलेल्या बायांनी उडी मारूच नये. हाडे ठिसूळ झालेली असू शकतात.

कबड्डी, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी आणखी एक. उडीनंतर गुडघे एकमेकांकडे आत वळले, तर गुडघ्यातला लिगामेंट तुटू शकतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त दिसते. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा सराव करा.

एवढे करूनही कुणी पडलेच, तर हे लक्षात ठेवा. टाच सुजली, पाय टेकवत नाही, तर चोळू नका, चालवू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. पाठ किंवा कंबर दुखते का, पायाला मुंग्या येतात का, पाय बधिर वाटतो का, लघवीवर ताबा आहे का, हे विचारा. यातले एक जरी असेल, तर काखेत हात घालून उठवू नका, रिक्षात बसवू नका. आहे तिथेच सपाट झोपवून ठेवा आणि 108 ला फोन करा. त्या जागी धोका असेल आणि हलवावेच लागले, तर चौघांनी मिळून मान, पाठ, पाय एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्या. दवाखान्यात "उंचावरून उडी मारली आहे, पाठही तपासा," हे स्वतःहून सांगा. गर्दीत ते विचारायचे राहून जाते.

संध्याकाळी पोरांना गोळा करून पायरीवरून उडी मारायला लावा. धप्प आवाज आला तर पाय ताठ होते. आवाज कमी होईपर्यंत पुन्हा करायला लावा.