ढलप्यांवरची अळंबी

पावसाळ्यात मालवणी मुलखात कुणी ओचाभर अळंबी घेऊन घरी आलं, तर जुनी माणसं ती हातात घेण्याआधी विचारतात, "खंय गावली?" रंग, वास, आकार हे सगळं नंतर. वारुळावर गावली असतील तर खोबऱ्याचं वाटप तयार होतं, नाहीतर ती सरळ परड्याच्या गडग्यापलीकडे जातात. वरवर साधा वाटणारा हा प्रश्न कवकशास्त्राचाही पहिलाच प्रश्न आहे. अळंबं कशावर उगवलं, म्हणजेच त्याचं अन्न काय, हे कळल्याशिवाय त्याची ओळख पुढे सरकत नाही.

आता मात्र या प्रश्नाला एक नवं उत्तर येऊ लागलं आहे: लाकडाच्या ढलप्यांत. लाकूड गिरणीमागचा भुशाचा ढीग, आंब्या-काजूच्या छाटणीचे बारीक केलेले तुकडे, बागेत गवत वाढू नये म्हणून झाडांभोवती पसरलेला ढलप्यांचा थर. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की इथेही छत्र्या उभ्या राहतात, कधी एका रात्रीत शेकड्यांनी. मोह होणं साहजिक आहे, कारण श्रावणात मासे बंद असतात आणि अळंब्यांचं सुकं भल्याभल्यांना मटणाची आठवण विसरायला लावतं. पण वारुळाबद्दल आजीला जे ठाऊक होतं, त्यातलं इथे काहीही लागू पडत नाही.

वारुळावरचं अळंबं हे एका फार जुन्या नात्याचं फळ आहे. टर्मिटोमायसिस हे त्याच्या कुळाचं नाव. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये ते दिलं, आणि दक्षिण भारतात सापडलेल्या एका जातीला १९७९ मध्ये के. नटराजन यांनी हाइम यांचंच नाव दिलं. वाळवी सुकं लाकूड आणि पालापाचोळा चावून आपल्या घरात त्याचे सच्छिद्र वाफे रचते, त्यावर हे कवक वाढवते आणि तेच खाते. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षं चालू आहे. पावसात जमीन मऊ झाली की कवक खालच्या वाफ्यापासून मुळासारखा लांब दांडा मातीतून वर पाठवतं. म्हणूनच जाणकार अळंबं ओढत नाही, बाजूची माती उकरतो. टोकदार माथा आणि खोल गेलेला हा दांडा ही त्याची खरी खूण. माणसाला हे अळंबं व्यापारी पद्धतीने पिकवणं अजून साधलेलं नाही, त्याला वाळवीच लागते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. ज्या वारुळाला हात जोडायचे ते फोडायचं नाही, ही शिस्त अळंब्यांच्याही पथ्यावर पडली असणार. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी या कुळाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि रानातून होणाऱ्या बेसुमार काढणीबद्दल वारंवार सावध केलं. पावसाळ्यात रस्त्याकडेला पानांवर मांडलेले वाटे पाहिले की त्यांची काळजी पटते.

वारुळावरच्या अळंब्यांची जागा ठरलेली असते आणि ती वर्षानुवर्षं तिथेच येतात. ढलप्यांचा ढीग हे मात्र कुणाचंच गाव नाही. तिथे येईल तो पाहुणा, आणि यंदा आलेला पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

याचं कारण लाकडात आहे. लाकूड मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन यांचं बनलेलं असतं. झाडाला ताठ उभं ठेवणारं लिग्निन पचवणं सजीवसृष्टीत फार थोड्यांना जमतं आणि त्यात कवकं आघाडीवर आहेत. अखंड ओंडक्यात शिरायला त्यांना वेळ लागतो. लाकडाच्या ढलप्या केल्या की पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, सगळीकडून ओल शिरते आणि मेजवानी उघडी पडते. ताज्या लाकडावर येणारी कवकं वेगळी, अर्धवट कुजल्यावर येणारी वेगळी, आणि मातीत मिसळू लागलेल्या काळ्या चुऱ्यावरची आणखी वेगळी. त्यामुळे "ढलप्यांत गावली" एवढं उत्तर पुरत नाही. लाकूड कशाचं, किती जुनं, खाली माती आहे की शेणखत, जवळ जिवंत झाड आहे का, हेही विचारावं लागतं.

आंब्याच्या ताज्या तुकड्यांवर बहुतेक वेळा राखाडी-पांढरी, लवदार, पंख्याच्या आकाराची, नखाएवढी कवकं दिसतात. हे शिझोफायलम. खालच्या पट्ट्या उभ्या चिरलेल्या असतात, उन्हात त्या आत वळून मिटतात आणि पाऊस पडला की पुन्हा उघडतात. आपण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, पण मणिपुरात ते कांगलायेन या नावाने आवडीने खातात. खाण्यापिण्याचं ज्ञान त्या त्या मातीतलं असतं, याची यापेक्षा चांगली साक्ष मला माहीत नाही.

कुजून काळ्या पडलेल्या तुकड्यांवर नीट वाकून पाहिलं तर सायथस सापडतं. मला विचाराल तर ढलप्यांवरचं सगळ्यात देखणं कवक हेच. जेमतेम एका सेंटिमीटरची, बाहेरून केसाळ वाटी, आणि तिच्या तळाशी चपट्या राखाडी गोळ्या. पक्ष्याच्या घरट्यात अंडी असावीत तशा, आणि त्याचं इंग्रजी नावही त्यावरूनच पडलं आहे. त्या गोळ्यांत बीजाणू असतात. पावसाचा टपोरा थेंब वाटीत नेमका पडला की उसळणाऱ्या पाण्याबरोबर गोळी जवळजवळ एक मीटर दूर फेकली जाते. उडताना तिच्या मागे एक चिकट तंतू उलगडतो, तो वाटेतल्या काडीला किंवा पानाला गुंडाळला जातो आणि गोळी तिथेच लटकून राहते. कोकणातल्या पावसाला इतकं अचूक कामाला लावणारा दुसरा कुणी क्वचितच असेल.

लिंबासारखं पिवळंजर्द, नाजूक, कडेला घड्या असलेलं अळंबं दिसलं तर ते बहुधा ल्यूकोकोप्रिनस. उष्ण प्रदेशातल्या या कवकाला शास्त्रीय नाव मिळालं ते थंड प्रागमध्ये. तिथल्या काचघरात अननसाच्या झाडांत ते बिर्नबाउम नावाच्या उद्यान-निरीक्षकाला दिसलं आणि १८३९ मध्ये कोर्डा यांनी त्याचंच नाव कवकाला दिलं. झाडं, कुंड्या आणि बागेची माती यांबरोबर कवकं अशी जगभर फिरतात. ढलप्यांमुळे हा प्रवास आणखी सोपा झाला. सायलोसायबी कुळातली एक जात १९४६ मध्ये एल्सी वेकफिल्ड यांनी लंडनच्या क्यू उद्यानातल्या नमुन्यांवरून वर्णिली. पुढे ती युरोप-अमेरिकेतल्या ढलप्यांच्या वाफ्यांत पसरली.

ढिगावर एका सकाळी पिवळा, फेसाळ, ओकारीसारखा गोळा दिसला आणि संध्याकाळी तो थोडा सरकलेला वाटला, तर घाबरू नका. ते फुलिगो, म्हणजे श्लेष्मकवक. नावात कवक असलं तरी ते कवक नव्हे, आणि ते खरोखरच सरकतं.

काळजी करावी ती क्लोरोफायलमची. हिरवळीत, खताच्या कडेला, कुजलेल्या ढलप्यांत येणारं हे मोठं, भरदार, पांढरं अळंबं ताटलीएवढं वाढतं. माथ्यावर तपकिरी खवले, दांड्यावर कडं. वारुळावरच्या मोठ्या अळंब्याची सवय असलेल्या डोळ्याला ते ओळखीचंच वाटतं. कोवळेपणी त्याच्या खालच्या पट्ट्याही पांढऱ्या असतात, नंतर त्या हिरवट-राखाडी होतात. खाल्लं तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि ते इतके तीव्र असू शकतात की सलाईन लावावं लागतं. जगात अळंब्यांमुळे होणाऱ्या विषबाधांत हे नाव सतत येतं.

तरी उलटी लगेच झाली हे एका परीने बरं. अमाटॉक्सिन असलेली अळंबी सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ गप्प राहतात. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबतात, माणसाला बरं वाटू लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होतं. हे विष शिजवून जात नाही, वाळवूनही नाही. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जणांचा जीव गेला. त्यांतली बहुतेक चहामळ्यांतल्या कुटुंबांतली, म्हणजे अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाणारीच माणसं होती. कॅनबेरात २०११ च्या अखेरच्या रात्री 'डेथ कॅप' खाऊन दोघांचा मृत्यू झाला. आशियातल्या पेंढ्यावरच्या अळंब्याशी त्याची गल्लत होते आणि ऑस्ट्रेलियात ते युरोपातल्या झाडांबरोबर आलेलं आहे. डोळे अनुभवी असले तरी जागा परकी असते, आणि घात तिथे होतो. 'डेथ कॅप'चं अमॅनिटा कुळ जिवंत झाडांच्या मुळांशी नातं जोडतं, म्हणून निव्वळ ढलप्यांच्या ढिगावर ते सहसा येत नाही. पण ढलप्या झाडाच्या बुंध्याशी पसरल्या असतील तर ही खात्री उरत नाही. शिवाय लेपिओटा कुळातल्या काही लहान, खवलेदार जातींतही हेच विष असतं.

ओळख पटवायची तर अळंबं तोडू नये, सुरीच्या टोकाने बुडासकट उचलावं. अमॅनिटाच्या बुडाशी असलेली पिशवी मातीत दडलेली असते आणि तोडणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. मग छत्री कापून पट्ट्या खाली करून कागदावर ठेवावी, अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा. वर वाडगं पालथं घालावं आणि रात्रभर थांबावं. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर, अमॅनिटाचा पांढरा, क्लोरोफायलमचा हिरवट. ढलप्यांवरच्या इतर अनेक जातींचा तपकिरी किंवा काळा येतो. ठशाचा रंग कुळापर्यंत नेतो, जातीपर्यंत नेत नाही. हिरवा ठसा 'खाऊ नका' हे निश्चित सांगतो. गुलाबी ठसा 'खा' असं कधीच सांगत नाही, कारण गुलाबी ठशाची विषारी अळंबीही आहेत.

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, किडे-गोगलगायी त्यावर बसतात का, या परीक्षा आपल्याकडेही ऐकू येतात. त्या सगळ्या खोट्या आहेत. अमाटॉक्सिनला चांदीशी काही देणंघेणं नाही, आणि गोगलगाय जे पचवते ते माणसाचं यकृत पचवू शकत नाही. मोबाइलवर फोटो पाहून नाव सांगणारी ॲप कुतूहलासाठी ठीक, पण ताटासाठी नाहीत. ती वरून दिसणारी छत्री पाहतात. बूड, ठसा आणि वास त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

महाराष्ट्रातल्या अळंब्यांची शिस्तशीर नोंद करण्याचं काम पुण्यात झालं. आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतून ए. व्ही. साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास राज्यातल्या छत्रीधारी कवकांवर ग्रंथ काढला. तिथलं कवकांचं संग्रहालय कवकशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाने आहे आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. ढलप्यांवरच्या कवकांकडे मात्र आपल्या जिल्ह्यात अजून फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. शाळा-कॉलेजांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी एका पावसाळ्यात लाकूड गिरणीमागचा एकच ढीग आठवड्याला पाहून तारीख, लाकूड, ठसा आणि वरून, खालून व बुडाचा फोटो एवढी वही ठेवली, तरी ती अभ्यासकांना मोलाची ठरेल. खायची हौस भागवायला धिंगरी अळंबी आहेतच. भाताच्या पेंढ्यावर ती घरातल्या पडवीतही पिकतात आणि त्यांचं बियाणं विकत मिळतं.

आणि कुणी खाल्लीच, तर उलटी व्हायची वाट पाहू नये. खाल्ल्याची वेळ लिहून ठेवावी आणि त्या ताटात जेवलेल्या सगळ्यांना, बरं वाटत असलेल्यांनाही, दवाखान्यात न्यावं. उरलेली अळंबी, कच्ची असोत, शिजवलेली असोत की केराच्या टोपलीतली देठं असोत, कागदात गुंडाळून सोबत द्यावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती काही तासांत सडतात आणि डॉक्टरांना त्यांतून काहीच कळत नाही.