मनांतलें माकड

औषध घेतांना माकड आठवावयाचें नाहीं, अशी अट घालणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्या घरांतून पूर्वापार सांगितली जाते. ज्या रोग्यानें जन्मांत माकडाचा विचार केला नव्हता, त्याला पेला हातीं घेतांच माकडच दिसूं लागलें! १९८७ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनीं पांढऱ्या अस्वलाच्या प्रयोगानें हेंच दाखविलें: जो विचार दडपावा, तोच बळावतो.

कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या उंच इमारतींत सहा-सात वर्षांचें मूल आईच्या कुशींत शिरून सांगतें, “आई, बाळाला गॅलरींतून टाकावें असें माझ्या मनांत येतें.” आईच्या काळजांत चर्र होतें. ती त्याला देवापुढें उभें करून ‘पुन्हां असें मनांत आणणार नाहीं’ अशी शपथ घ्यावयास लावते. आमच्या मतें चूक होते ती येथें. ही शपथ म्हणजे त्या वैद्याची अटच होय. १९७८ सालीं रॅकमन व डी सिल्वा यांनीं निरोगी माणसांना विचारलें असतां बहुतेकांनीं आपणांसही असे नकोसे विचार येतात, असें सांगितलें. विचार म्हणजे कृति नव्हे.

उतावळेपणा निराळा. उतावळें मूल आधीं हात उचलतें व मग पस्तावतें. ज्याला विचार छळतो, तें बहुधा त्या कृतीला भिऊनच आईपाशीं येतें. हात आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही पक्व होत असतो. म्हणून संयम धाकानें नव्हे, खेळांतून शिकवावा. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळांत तेंच शिक्षण आहे. पाळण्यावर मात्र वडीलधाऱ्या माणसाची नजर असावीच.

आईनें शांतपणें एकदां सांगावें, “विचार आला, तसा जाईल. तूं कांहीं केलें नाहींस.” मूल तेंच अभय पुनःपुन्हां मागूं लागलें, हात धुणें संपेना, रोजचा तासभर त्यांत जाऊं लागला, तर त्याच्या सोंवळेपणाचें कौतुक करूं नये. तो मंत्रचळ असूं शकतो, व त्यावर उपचार आहेत. ठाण्यांत १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे. १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं तेथेंच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापिली. कल्याणहून ती वाट गाडीनें अर्ध्या तासाची. लोकलज्जेनें मात्र ती वर्षांची होते.

माकड आलें तर येऊं द्यावें. कोणी दगड भिरकावला नाहीं, तर तें आपल्या वाटेनें निघून जातें.